जमिलाबीचा वेल रडतो

वेल सूर्य उगवायच्या सुमारास रडायचा, म्हणून रांग त्याआधी लागायची.

तामलवाडीच्या मशिदीमागं जमिलाबीचं दोन खणांचं घर होतं. परसात जायची वाट घरातूनच. त्यामुळं त्या पंधरा दिवसांत, सोलापुराहून तुळजापूरच्या देवीला चालत निघालेली निम्मी दुनिया एका बाईच्या चुलीवरून पाय टाकून पलीकडं गेली. चूल पेटत नव्हती, म्हणून कुणाला भाजलं नाही.

परसात बाभळीच्या मेढी रोवलेल्या, त्यावर तारा ओढलेल्या, आणि त्या मांडवावर द्राक्षाचा वेल. गाव त्याला अंगूर म्हणायचं. वेलाच्या कापलेल्या टोकाला थेंब धरायचा, फुगायचा, गळायचा. त्याच्या मागं दुसरा. खाली पितळी ताटल्या मांडलेल्या. पुढची बाई म्हणायची, "आई रडतीया गं," की मागच्या चौघी रडायला लागायच्या. वेल का रडतो हे कुणी विचारलं नाही. आपल्याकडं बाई रडली तरी कुणी विचारत नाही.

मांडवाखाली घोंगडीवर अंगूरबाबा. डोक्याला हिरवा रुमाल, कपाळाला भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ आणि मनगटावर ताईत. कुठल्याही बाजूनं बघितलं तरी आपला माणूस वाटावा अशी सोय.

"देवी म्हना, पीर म्हना, आपलं कुनाशी भांडन न्हाय," बाबा ताटलीतलं पाणी अत्तराच्या रिकाम्या बाटल्यांत ओतता ओतता सांगायचे. "डोळं दोन असत्यात, पानी एकच असतंय. बोला, हाय का शंका? ज्याच्या मनात शंका, त्याच्या बाटलीतलं पानी संध्याकाळी नासतंय."

पाणी सगळ्यांचंच संध्याकाळी नासायचं. मग ज्याचा तो आपल्या मनातली शंका शोधत बसायचा.

तो तेराशे त्रेपन्न फसलीचा आरंभ होता, इंग्रजी त्रेचाळीस. मोठ्या शहरांतून तेव्हा हिंदू-मुसलमानांच्या एकीवर सभा होत होत्या. तामलवाडीत ती एकी एका बाटलीत मावली होती. आमचं गाव मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या राज्याच्या, टोकाला. इथून पुढं इंग्रजांचा मुलूख, ज्याला आम्ही खालसा म्हणत असू. मधे करोडगिरीचा नाका. तिथल्या शिपायाला दोन दिवस झोप आली नाही, कारण डोळ्यांतल्या पाण्यावर जकात किती, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

मी गावच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. हैदराबादेत इंटरपर्यंत शिकून आलेला, म्हणजे गावाच्या हिशेबानं विद्वान, आणि वनस्पतिशास्त्रात काठावर पास.

वेल लावला होता जमिलाबीच्या नवऱ्यानं, नबीलालनं. तो गिरदावर साहेबांचा, म्हणजे महसूल तपासणाऱ्या अंमलदाराचा, चपराशी. साहेबांबरोबर दौलताबादकडं दौऱ्यावर गेला आणि येताना ओल्या गोणपाटात दोन काड्या गुंडाळून घेऊन आला. एक वाळली. दुसरी त्यानं धुण्याच्या दगडाजवळ लावली, सांडपाणी जाईल अशी. वेलाभोवती वाफे केले. मेथी, चुका, अंबाडी, कुंपणावर दोडका, कोपऱ्यात शेवगा. उन्हाळ्यात सगळ्या गावाची कोथिंबीर करपली तरी नबीलालची मांडवाच्या सावलीत हिरवी असायची. चपराशाच्या घरी रोज हिरवी भाजी, हे गिरदावरांच्या बायकोलाही सहन होत नसे.

वेलाला मात्र चार वर्षं झाली तरी घड धरला नव्हता. नबीलाल त्याला लोखंड लावू द्यायचा नाही. "एवढ्या लांबनं आनलाय, तोडू कशाला?" म्हणायचा. वेल वाढत कौलांवर गेला, पण द्राक्ष एक नाही.

त्या श्रावणात मुदतीच्या तापानं नबीलाल गेला. त्याच महिन्यात त्याच्या मुलीला, मैमुनाला, गोवर निघाला. ती वाचली. आणि मेलेल्या माणसाच्या हातच्या झाडाला वर्ष भरेपर्यंत लोखंड लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. हिंदूही पाळतात, मुसलमानही. म्हणून वेल तसाच राहिला.

जमिलाबी त्यानंतर बसून असायची. रडत नव्हती. कुणी भाकरी दिली तर लेकीला चटणीबरोबर मोडून द्यायची. परसातली मेथी गुडघ्याला लागली, फुलावर आली. तिनं एक जुडी काढली नाही. तिला ती दिसतच नव्हती, असं मला नंतर वाटलं.

आणि मैमुनाला दिवस कलल्यावर दिसेना. शाळेत ती दुपारपर्यंत फळ्यावरचं वाचायची आणि घरी जाताना भिंतीला हात लावून जायची. पोरं तिला 'भिंतवाली' म्हणायला लागली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बाबा आले. पाणी मागायला म्हणून घरात शिरले, परसात वेल बघितला आणि तिथंच लोटांगण घातलं. उठले ते घोषणा करतच.

"ह्या वेलात नबीलालचा जीव अडकलाय. त्याला रडायचंय, वाट न्हाय. त्याला रडू दिलं तर त्या पान्यानं पोरीचं डोळं उघडतील."

लोखंडाची रीत आडवी आली. बाबांनी ती तिथल्या तिथं सोडवली. त्यांचा विळा म्हणे लोखंडाचा नव्हता, मंत्राचा होता. दिसायला लोखंडाचा होता एवढंच. "दुसऱ्या कुनी लोखंड लावलं, तर डोळं जातील," एवढं सांगून ठेवलं.

वेलात गावाला नबीलाल दिसला, यात्रेकरूंना देवीआई; बाबांनी दोन्ही चालू दिलं. मग विधी. पहिल्या दिवशी भक्तांनी वेलाची पानं प्रसाद म्हणून खुडून नेली. वेल उघडा केला. रोज संध्याकाळी चाळीस घागरी पाण्यानं वेलाच्या बुडाला स्नान. आणि पहाटे बाबा मंत्र म्हणत चार-पाच काड्या कापायचे. त्यांना थेंब धरायचा. दोन-चार दिवसांनी जुन्या टोकांचा थेंब आटला की बाबा म्हणायचे, "आई दमली, तिला नवी वाट देऊ," आणि खालच्या बाजूला नवी काडी कापायचे. वेल दिवसेंदिवस आखूड होत होता आणि कीर्ती लांब जात होती.

रांगेला उभं राहायला जागा लागते. ती वाफ्यांतून झाली. मेथी पहिल्या दिवशी गेली, चुका-अंबाडी दुसऱ्या. शेवग्याच्या फांद्या तोडून बाबांसाठी आडोसा केला. सगळं तुडवून झाल्यावर बाबांनी त्याचा नियम केला: मैमुनानं एकवीस दिवस हिरव्याला शिवायचं नाही. रोज पहाटे ताटलीतलं पाणी दोन्ही डोळ्यांत, आणि दिवसभर बाबांच्या शेजारी बसायचं, लोकांना दिसेल असं. ताटलीत तोवर शंभर बोटं बुडालेली असत.

आठव्या दिवशी मुलीच्या बुबुळाशेजारी पांढरा, फेसासारखा ठिपका दिसायला लागला.

"मोती," बाबा म्हणाले. "आईनं मोती घातला."

नागूबाई नावाची म्हातारी देवीची जुनी भक्त. तिनं मुलीची हनुवटी वर करून रांगेला ठिपका दाखवला. "बगा, कसा चकाकतोय. आमच्या सात पिढ्यांत कुनाला मोती मिळाला न्हाय."

मी हे सगळं बघत होतो. थेंब कशाचा आहे ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी ते नाक्यावरच्या कारकुनाला सांगितलं. तो हसला, मी हसलो. त्यानं चहा मागवला. मी बाबांची नक्कल बरी करत असे. दुसऱ्या दिवशी त्यानं ती पुन्हा करायला लावली.

एकदा जमिलाबीला म्हटलं, "पोरीला तुळजापूरच्या दवाखान्यात दाखवा."

"बाबा एकवीस दिस म्हनत्यात."

"तुम्हाला पटतं का?"

"मला काय इचारता मास्तरसाब. त्ये बस म्हनले, बसले. ऊठ म्हनले की उठंन."

मी घरी गेलो.

तेराव्या दिवशी खाजाभाई बागवान आला. आठवड्याला तुळजापूरकडून छकड्यातून पेरू आणि भाजी आणून विकणारा, साठीचा माणूस. रांगेत त्याचे पेरू हातोहात गेले. मग तो मांडवाजवळ उभा राहून बाबांचं कापणं बघत राहिला, आणि माझ्याशेजारी येऊन बसला.

"मास्तर, ये हात सीख्या हुवा है."

"कसला शिकलेला?"

"आपन कुनी बी कापलं तर कुठं बी कापू. ह्ये बगा, पेर सोडून दोन बोटं वर, आन तिरपं. दर येळेला. दौलताबादच्या बागंत मजुरीला दोन सालं काडल्याबगर असा हात पडत न्हाय. तिथं छाटनी झाली की अख्खी बाग गळती. मजुरांची डोकी भिजत्यात. कुनी पाया पडत न्हाय."

"मग हे चारचौघांत सांगत का नाही?"

"म्या पेरू इकतो. रांग माझं पेरू घेती." त्यानं रिकाम्या टोपलीतला पाला झटकला. "तुमी काय इकता?"

मी चहाला नाक्यावर गेलो नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला मी जमिलाबीकडं गेलो. बाबा धुळाप्पा पाटलांकडं जेवायला गेले होते. मैमुना चाचपडत परसात गेली, घागर आणायला. मेढीला धडकली, आधाराला वेल धरला, आणि काडकन आवाज झाला.

आम्ही बाहेर गेलो तेव्हा ती मोडकी काडी हातात धरून उभी होती. आता डोळे जाणार, या भीतीनं गच्च मिटलेले.

"अम्मा, म्या मुद्दाम न्हाय मोडला."

वर वेलाचं मोडलेलं टोक होतं. त्यातून पाणी गळून तिची बाही भिजत होती.

जमिलाबीनं त्याखाली तळवा धरला. बराच वेळ धरला. तळवा भरला, सांडला.

"ह्ये तर कुनाच्या बी हातानं येतंय," ती म्हणाली. मीठ संपलंय म्हणावं, तशा आवाजात.

मग मी तिला सगळं सांगितलं. मुळं, पाणी, पानं, खाजाभाईनं ओळखलेला हात. तिनं ऐकून घेतलं.

"तुमाला कदीपास्नं ठावं हाय?"

"पहिल्या दिवसापासून."

ती पदरानं मुलीची बाही पुसत राहिली.

दुसरा दिवस कोजागिरीचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या गर्दीचा. जमिलाबीनं मैमुनाला शाल गुंडाळली आणि खाजाभाईच्या छकड्याकडं निघाली. दारातच रांगेनं अडवलं. मोतीवाली पोर चालली, हे रांगेला परवडणारं नव्हतं. बाबा मांडवातून उठून आले.

"एकवीस दिस झालं न्हाईत. ही पोर हालली, तर डोळं जातील."

"दवाखान्यात न्हेती."

"दवाखान्यात? आईनं घातलेला मोती डाक्टर काढनार? पाटील, सांगा हिला. नबीलालचा जीव हितंच अडकंल."

धुळाप्पा पाटील खाकरले. "जमिले, बाबा सांगत्यात ते ऐकावं. आजच्या दिवस ऱ्हा. एवढी लांबनं मानसं आल्यात."

जमिलाबीनं मुलीला माझ्याकडं दिलं, मांडवाखाली गेली आणि घोंगडीवरचा विळा उचलला.

"खाली ठेव," बाबा म्हणाले. "डोळं जातील."

"कुनाचं?" जमिलाबी म्हणाली. "घरात दोघीच हावोत. एकीचं चाललंच हाईत."

तिनं काडी धरली आणि कापली.

पहिल्यांदा काही झालं नाही. कुणीतरी श्वास सोडला. मग टोक ओलं झालं, थेंब धरला, फुगला आणि ताटलीत टप्प वाजला.

बाबांचा चेहरा क्षणभर मजुराचा झाला. पण त्यांनी तो लगेच सावरला, हे मान्य करावं लागेल. "आई हिलाबी पावली," ते ओरडले. "बगताय काय, पाया पडा."

आणि लोक पडले. माझा इंटरपर्यंतचा अभ्यास सांगत होता की पुरावा दिला की माणसाला पटतं. पुरावा समोर गळत होता आणि नागूबाई जमिलाबीचे पाय धरून म्हणत होती, "माय, तुझ्यात आई आली." गावात आता दोन चमत्कार झाले होते.

जमिलाबीनं खाली बघितलं. मग वाकून विळा नागूबाईच्या हातात दिला.

"तुमी कापा."

"म्या? न्हाय माय. माझं डोळं..."

"तुमचं डोळं सत्तर सालाचं हाईत. कापा."

नागूबाईनं डोळे मिटून कापलं. पाणी आलं. म्हातारी आपल्या हाताकडं बघत राहिली. मागचा तेली पुढं झाला. त्याच्याही हाताला आलं. नाक्याच्या शिपायानं कापलं, त्याला सरकारी नोकर असूनही आलं. दोन यात्रेकरू पोरांनी कापलं. जमिलाबी एकाच्या हातातून विळा घेऊन दुसऱ्याला देत होती. पोळी वाढावी तशी. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं.

"पाटील, तुमी ऱ्हायलाव," ती म्हणाली.

पाटलांना नको होतं. पण रांगेनं त्यांना पुढं केलं. पाटलांनी कापलं आणि वेलानं त्यांच्याही नावानं टप्पदिशी थेंब टाकला.

तेव्हा लोक थांबले. देवी नागूबाईला पावेल, जमिलाबीला पावेल, एखाद्या वेळी तेल्यालाही. पण धुळाप्पा पाटलांना गाव चाळीस वर्षं ओळखत होतं. ज्या देवाला पाटील चालतात, त्याच्याविषयी पहिल्यांदा शंका आली. मागून कुणीतरी म्हणालं, "काय तरी घोटाळा हाय."

मग मी बोललो. सांगायला फारसं नव्हतं. मुळं जमिनीतलं पाणी वर ढकलतात. पानं ते हवेत सोडतात. तुम्ही पानं प्रसाद म्हणून नेलीत, बुडाला रोज चाळीस घागरी ओतल्यात, आणि वर काडी कापलीत. पाण्याला दुसरी वाट नव्हती. पहाटे जास्त येतं, कारण ऊन नसतं. चार दिवसांनी थांबतं, कारण जखम भरते, म्हणून बाबा नवी काडी कापतात. कुठल्याही बागेत छाटणी झाली की हेच होतं.

"अशीच गळती, म्या देखलंय," खाजाभाई छकड्यावरून म्हणाला. त्याच्याकडं त्या दिवशीचे पेरू शिल्लक होते.

लोकांनी बाबांकडं बघितलं. घोंगडी होती, बाबा नव्हते. खालशाची हद्द जवळच. मोगलाईचा गुन्हा तिथं लागू होत नाही आणि चमत्कारही नव्यानं करता येतो. पुढं कुणीतरी सांगितलं, की ते पंढरपूरच्या बाजूला लिंबाच्या झाडातून ताक काढतात. खरंखोटं मला माहीत नाही.

वेल कमरेएवढा उरला होता.

तुळजापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मैमुनाच्या पापण्या वर केल्या आणि बराच वेळ बघत राहिले. उजव्या डोळ्याचं बुबुळ मऊ पडून फुटलं होतं. डाव्यावर नुसता ठिपका होता. त्यांनी माशाच्या तेलाची बाटली दिली, चमचा दाखवला आणि जमिलाबीला विचारलं, "घरात हिरवी भाजी होत नाही का?"

"व्हती," ती म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं तिला प्रश्न कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. गोवरानंतर मुलांच्या अंगातला, डोळ्यांना लागणाऱ्या 'अ' जीवनसत्त्वाचा साठा संपतो. ते मेथीत असतं, अंबाडीत असतं, शेवग्याच्या पाल्यात सगळ्यात जास्त. महिनाभर रोज मूठभर पाला खाल्ला असता तरी पुरलं असतं. जमिलाबी मान हलवत होती. मी खिडकीकडं बघत होतो.

उजवा डोळा गेला. डावा राहिला. दोन महिन्यांनी मैमुना संध्याकाळी भिंतीला हात न लावता घरी गेली, एवढं मी बघितलं.

जमिलाबीनं माघात पुन्हा वाफे केले. वेल फुटला. पुढच्या वर्षी नबीलालचं वर्ष भरल्यावर, दसऱ्यानंतर, खाजाभाईनं तिला छाटणी शिकवली आणि फाल्गुनात वेलाला पाच घड आले, आंबट होते. छाटल्याशिवाय द्राक्षाला फळ येत नाही, एवढंच त्यात होतं. नागूबाई मात्र अजून सांगते, की तो बाबाच्या हाताचा गुण. दोन द्राक्षं तोंडात टाकून सांगते.

ज्यांना परसात वेल लावायचा असेल त्यांनी जरूर लावावा. छाटताना भ्यायचं कारण नाही. पाणी गळेल, ते जमिनीत जाऊ द्यावं. कुणाच्या डोळ्यात घालू नये. मुलाला अंधार पडल्यावर दिसेनासं झालं, तर शेवगा, मेथी, जी पालेभाजी दारात असेल ती खायला घालावी आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठावा, एकविसाव्या नव्हे. कुणी चमत्कार दाखवला, तर तो दुसऱ्या कुणाच्या हातानं होतो का, एवढं करून बघावं. त्याला कॉलेजात जावं लागत नाही. जमिलाबीला सहीसुद्धा येत नव्हती.

आणि ज्यांना खरं काय ते आधीच माहीत असतं, त्यांनी ते रांगेत उभं राहून सांगावं, त्याच दिवशी, नक्कल न करता. मी नाक्यावर बसून सांगितलं. तिथं चहा बरा मिळायचा आणि रांगेतलं कुणी नसायचं.